गोणपाट नेसून राजद्वारापर्यंतच: मर्दखयाचा शोक आणि दरबाराचे नियम

प्रश्न असा आहे: एस्तेरच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात मर्दखय कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, अंगाला राख फासतो, भर शहरातून मोठ्याने आक्रोश करत जातो आणि राजद्वारासमोर येऊन थांबतो, कारण ‘गोणपाट नेसून राजद्वाराच्या आत जाण्याची कोणाला परवानगी नव्हती’. हा नियम यहुदी धर्मशास्त्रातला की पर्शियन दरबारातला? आणि एस्तेरने धाडलेले कपडे त्याने परत का केले? ते घातले असते तर आत जाऊन बोलता आलं असतं.

आधी कथा एका ओळीत: पर्शियन राजा अहश्वेरोशचा मंत्री हामान याने राज्यातल्या सगळ्या यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम काढवला आहे; शूशन या राजधानीतली राणी एस्तेर स्वतः यहुदी आहे, आणि मर्दखय तिला वाढवणारा चुलतभाऊ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नियम पर्शियन दरबाराचा म्हणून सांगितला आहे; तोराहमध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, राजाच्या दाराबद्दल असं काही नाही. इस्राएल आणि यहूदाच्या राजांपुढे तर फाटक्या कपड्यांनी, डोक्यात धूळ घालून माणसं खुशाल येत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मजकूर उघड देत नाही. पण मर्दखय नेमका कुठे उभा राहिला ते नीट पाहिलं तर पुष्कळ उलगडतं, म्हणून आधी त्या जागेकडे वळतो.

‘द्वार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कमान आणि दोन पहारेकरी येतात. शूशनचं राजद्वार ही एक स्वतंत्र इमारतच होती. इराणच्या खुजेस्तान प्रांतातल्या आजच्या शूश गावी फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९७०च्या दशकात ती उकरून काढली. लांबी सुमारे ४० मीटर, रुंदी सुमारे २८ मीटर, मधल्या दालनात चार खांब. खांबांच्या तळखड्यांवरच्या लेखात झेरक्सिस सांगतो की हे द्वार माझ्या वडिलांनी, दारयवहूने, बांधलं. दारयवहूचा मस्तक नसलेला प्रसिद्ध पुतळा १९७२ मध्ये इथेच सापडला. एस्तेरमधला अहश्वेरोश म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच झेरक्सिस, इ.स.पू. ४८६ ते ४६५ या काळातला. पुस्तकाला इतिहास मानायचं की दरबारी कथा, यावर मतभेद आहेत. मी ते कथा म्हणूनच शिकवतो. पण कथा रचणाऱ्याला पर्शियन दरबाराची चांगली माहिती होती, आणि द्वाराचा तपशील त्याने सैलपणे वापरलेला नाही.

अशा द्वारात अधिकारी बसत. ‘मर्दखय राजद्वारात बसे’ हे वाक्य दुसऱ्या अध्यायात येतं तेव्हा तो चौकीवर रेंगाळत होता असा अर्थ नाही; तो दरबारी चाकरीत होता. राजाला मारण्याचा दोन खोजांचा कट त्याच्या कानावर आला तो तिथेच, आणि हामानापुढे वाकायला त्याने नकार दिला तोही तिथेच. ग्रीक लेखक झेनोफोननेही लिहून ठेवलंय की पर्शियन सरदारांना राजाच्या दाराशी हजेरी लावावी लागे. म्हणजे गोणपाट नेसल्यामुळे मर्दखयाला मनाई झाली ती आपल्याच नेहमीच्या जागेची. रोज जिथे बसायचं तिथे तो नाही, आणि बाहेरच्या चौकात राख फासून उभा आहे. द्वारातल्या प्रत्येकाला हे दिसणारच. माझ्या मते त्याला तेच हवं होतं.

इथे दोन नियमांची गल्लत नेहमी होते, ती टाळायला हवी. एक नियम ४:२ मधला, म्हणजे चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या ओवीतला: गोणपाट नेसलेल्याने द्वारात यायचं नाही. हा पोशाखाचा नियम आहे आणि तो मोडल्यास काय शिक्षा, ते सांगितलेलं नाही. दुसरा ४:११ मधला, एस्तेरच्या तोंडी आलेला: न बोलावता जो कोणी आतल्या चौकात राजाकडे जाईल त्याला मरण, राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचेल. हा प्रवेशाचा नियम. भरजरी कपडे घातलेल्यालाही तो लागू. स्वतः राणीला तीस दिवसांत बोलावणं आलेलं नव्हतं. पहिल्या नियमाने दुःख बाहेर ठेवलं जातं, दुसऱ्याने माणसं. दोन्ही मिळून परिणाम असा की साम्राज्यात काय चाललंय हे राजाच्या कानावर जाण्याची वाट एकच उरते: ज्यांना रोज आत जाता येतं त्यांची. त्या वेळी ती वाट हामानाच्या ताब्यात होती. यहुदी इतिहासकार योसेफसने पहिल्या शतकात ही कथा पुन्हा सांगताना सिंहासनाभोवती कुऱ्हाडी घेतलेले शिपाई उभे केले आहेत, ते बोलावल्याशिवाय येणाऱ्यांसाठी.

मग पर्शियन लोकांना शोकाचंच वावडं होतं का? मुळीच नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या आठव्या पुस्तकात सलामिसच्या पराभवाची बातमी (इ.स.पू. ४८०) याच शूशनला पोचते तेव्हा शहरातले सगळे लोक अंगरखे फाडून रडू लागतात आणि सेनापती मार्दोनिअसला दोष देतात. तिसऱ्या पुस्तकातली गोष्ट तर आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. डोंगरांनी वेढलेल्या एका मैदानातल्या नदीच्या वाटा राजाने बांध घालून अडवल्या. पाणी तुटलेले शेतकरी बायकांना घेऊन राजाच्या दाराशी येतात आणि मोठमोठ्याने आक्रोश करतात. मग राजा ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्या बाजूचं पाणी सोडायला सांगतो, वर त्याचे पैसेही घेतो. हेरोडोटसच्या सगळ्याच गोष्टी जशाच्या तशा घ्याव्यात असं नाही. पण दारापर्यंत येऊन रडणं ही पर्शियन राज्यात दाद मागायची ओळखीची रीत होती, एवढं त्यातून दिसतं. रड दारापर्यंत चालते, दाराच्या आत नाही. मर्दखय ‘द्वारासमोरपर्यंत’ आला, तो ही रेघ ओळखून. त्याने नियम मोडलेला नाही; नियमाच्या अगदी कडेला उभं राहून तो वापरला आहे.

नहेम्याच्या पुस्तकात हेच आतल्या बाजूने दिसतं. तो पर्शियाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, शूशनमध्येच. किस्लेव महिन्यात त्याला यरुशलेमचा कोट मोडून पडल्याची बातमी कळते; तो बसून रडतो, कित्येक दिवस शोक करतो, उपास करतो. राजापुढे मात्र हे सगळं येतं ते निसान महिन्यात, म्हणजे चारेक महिन्यांनी, राजाच्या विसाव्या वर्षी (इ.स.पू. ४४५). तोवर तो द्राक्षारस देत होता आणि चेहरा सांभाळत होता. ‘यापूर्वी मी त्याच्यासमोर कधी उदास झालो नव्हतो,’ असं तो मुद्दाम नोंदवतो. राजा विचारतो: तू आजारी नाहीस, मग तोंड का उतरलंय? आणि नहेम्या ‘फार घाबरला’. इथे गोणपाट नाही, राख नाही, नुसता चेहरा. तरी भीती तीच. उदास चेहऱ्याने प्याला पुढे करणाऱ्याच्या मनात काय आहे, अशी शंका राजाला येणं साहजिक होतं. नहेम्याचं उत्तर दरबारी बोलण्याचा उत्तम नमुना आहे. तो यरुशलेमचं नाव घेतच नाही. ‘माझ्या वाडवडिलांच्या कबरा आहेत ते नगर उजाड पडलंय’ असं म्हणतो. एज्राच्या पुस्तकात याच नावाच्या राजाने त्या शहराचं बांधकाम थांबवायचा हुकूम दिलेला आहे, त्यामुळे शहराचं नाव काढणं धोक्याचं होतं. पूर्वजांच्या कबरा ही मात्र कोणत्याही राजाला समजणारी गोष्ट.

योसेफाच्या बाबतीत असंच काहीसं मिसरच्या दरबारात घडतं. तुरुंगातून फारोपुढे नेताना आधी त्याची दाढी करतात, कपडे बदलतात. पुढे बाप याकोब वारल्यावर, देशात फारोच्या खालोखाल मान असलेला हाच माणूस फारोशी स्वतः बोलत नाही. फारोच्या घरच्या लोकांना विनवतो की माझ्या वतीने त्याच्या कानावर घाला, मला बापाला कनानात पुरायला जाऊ द्या. उत्पत्तीचा मजकूर कारण देत नाही. नंतरच्या यहुदी टीकाकारांनी मात्र इथे सरळ एस्तेरचं वाक्य आणून ठेवलं: गोणपाट नेसून राजद्वारात जाता येत नाही. एका पुस्तकातला एका राज्याचा नियम असा हळूहळू ‘राजदरबारांची रीत’ झाला. मध्ययुगातला टीकाकार राशी याने तर एस्तेर ४:२ वर एवढंच म्हटलं की गोणपाट नेसून राजद्वारात येणं शिष्टाचाराला धरून नाही. त्याच्या नजरेत ती सभ्यतेची बाब होती, कायद्याची नव्हे.

आता यहुदी राजांकडे या. चित्र एकदम पालटतं. आधीचा राजा शौल याच्या मरणाची बातमी घेऊन माणूस दावीदापुढे येतो तो फाटक्या कपड्यांनी, डोक्यात धूळ घालून. तकोवाच्या शहाण्या बाईला दावीदाचा सेनापती यवाब शिकवून पाठवतो: शोकाचे कपडे घाल, तेल लावू नकोस, पुष्कळ दिवस मेलेल्यासाठी रडणाऱ्या बाईसारखी दिस. ती त्याच वेशात राजापुढे जाते आणि तिला कोणी अडवत नाही. यवाबाचा सगळा डावच यावर उभा होता की शोकवस्त्र हा दावीदाच्या दरबारात आत जायचा परवाना आहे. अरामाचा राजा बेन-हदाद हरला तेव्हा त्याचे चाकर कमरेला गोणपाट आणि डोक्याला दोर बांधून इस्राएलचा राजा अहाब याच्याकडे गेले, आणि अहाब ‘तो माझा भाऊ आहे’ म्हणून विरघळला. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरच्या फौजेने यरुशलेमला धमकावलं, तेव्हा यहूदाचा राजा हिज्कीया याचे मंत्री फाटक्या कपड्यांनी त्याच्यापुढे आले; ते ऐकून राजाने स्वतःचे कपडे फाडले, गोणपाट नेसला आणि मंत्र्यांना गोणपाटातच यशया संदेष्ट्याकडे धाडलं. शोमरोनच्या वेढ्यात राजा तटावरून चालला असता एका बाईची भयंकर कैफियत ऐकून अंगरखा फाडतो, तेव्हा लोकांना दिसतं की आत अंगाला लागून गोणपाटच आहे. राजा शोकात होता आणि लोकांना ते ठाऊक नव्हतं!

इस्राएलमध्ये राजाचा शोक हा राज्यकारभाराचा भाग होता, आणि दावीदाएवढा तो कोणी वापरला नाही. यवाबाने शौलाचा सेनापती अबनेर याचा खून केला. संशय राजावर येणार हे उघड होतं. दावीदाने काय केलं? खुद्द यवाबाला कपडे फाडून गोणपाट नेसायला लावलं, स्वतः तिरडीमागून चालला, कबरेशी रडला, विलाप रचला, सूर्य मावळेपर्यंत अन्नाला शिवला नाही. मजकूर पुढे म्हणतो: लोकांनी हे पाहिलं, आणि खून राजाने करवला नाही हे सगळ्या इस्राएलला कळलं. उलट बंड करून मारला गेलेला मुलगा अबशालोम याच्या वेळी तो रडला ते वेशीवरच्या माडीत, एकटा, तोंड झाकून. जिंकून आलेलं सैन्य पळपुट्यांसारखं चोरपावलांनी शहरात शिरलं. यवाबाने त्याला झापलं: आज रात्री एकही माणूस तुझ्याजवळ राहणार नाही. मग राजा माडीवरून उतरून वेशीत बसला आणि लोक त्याच्यापुढे आले. दोन्ही प्रसंगांत अश्रू खरेच असतील, मला शंका नाही. पण एका शोकाने राज्य सावरलं, दुसऱ्याने मोडायची वेळ आणली, आणि फरक फक्त कुठे आणि कोणापुढे रडला एवढाच होता.

पुढे मिश्ना या यहुदी नियमसंग्रहामध्ये (संकलन इ.स. २००च्या सुमाराचं) राजाच्या शोकाला नियम लागले, आणि ते दावीदाच्या वागण्याला गैरसोयीचे ठरले. सान्हेद्रिन प्रकरणात म्हटलंय की राजाच्या घरी मरण झालं तर त्याने वाड्याच्या दाराबाहेर पडू नये. रब्बी यहुदा आक्षेप घेतात: जायचं असेल तर जावं, दावीद नाही का अबनेरच्या तिरडीमागे गेला? बाकीचे उत्तर देतात: ते केवळ लोकांची समजूत काढण्यासाठी. सांत्वनाचं जेवण देताना सगळे लोक जमिनीवर बसतात आणि राजा मात्र पलंगावर. त्याच प्रकरणात राजाच्या घोड्यावर बसू नये, सिंहासनावर बसू नये, राजदंड वापरू नये, तो केस कापत असताना वा न्हाणीघरात असताना त्याला पाहू नये असंही येतं. म्हणजे यहुदी परंपरेतही दरबारी नियम आहेत. पण ते राजाने कसं शोकात बसावं हे सांगतात. शोकात असलेल्या प्रजेला दारावर अडवत नाहीत. हामानाने राजाचा घोडा आणि राजाचा पोशाख मागितला, ते या यादीशेजारी ठेवून वाचलं की त्याची मागणी यहुदी कानांना किती उद्धट वाटली असेल ते कळतं.

मराठी वाचक इथे एक शंका काढतात: हे सुतकासारखं आहे का? नाही. तोराहमध्ये प्रेताच्या स्पर्शाने येणारी अशुद्धता सात दिवसांची, आणि तिचे विधी गणना १९ मध्ये वेगळे दिले आहेत. मर्दखयाने कोणा प्रेताला हात लावलेला नव्हता. मुळात अजून कोणी मेलंच नव्हतं. हुकूम निघाला पहिल्या महिन्याच्या तेराव्या दिवशी आणि कत्तलीचा दिवस ठरला होता बाराव्या महिन्यातला. हा मरणाआधीचा शोक आहे, म्हणजेच अर्ज. देवाकडेही आणि राजाकडेही.

आता कपड्यांचं. एस्तेरला दासी आणि खोजे येऊन सांगतात, ती कासावीस होते आणि कपडे पाठवते. लक्षात घ्या, तिला हुकुमाची बातमीच नाही. देशभर प्रत्येक प्रांतात यहुदी राखेत पडलेत आणि राणीला पत्ता नाही. दोन्ही नियमांनी आपलं काम चोख केलंय. कपडे पाठवणं हा तिच्या बाजूने शहाणपणाचाच उपाय होता: वेश बदल, आत ये, बोलू. काही जण तिला इथे उथळ ठरवतात, ते मला पटत नाही.

मर्दखयाने नकार का दिला? एक कारण धार्मिक: सगळा समाज गोणपाटात असताना त्याने एकट्याने उतरवलं तर तो त्यातून बाहेर पडला असं झालं असतं. दुसरं मला जास्त पटणारं. कपडे घालून तो द्वारात परतला असता तर काय झालं असतं? तो पुन्हा द्वारात बसणारा एक अधिकारी, आणि द्वारातून पुढे अंतःपुरात त्याला तसाही प्रवेश नव्हता. एस्तेरची खबर घ्यायला तो पूर्वी रोज अंतःपुराच्या अंगणासमोरून फेऱ्या मारत असे, एवढीच त्याची धाव. नकार दिल्यावर मात्र राणीला हथाक या खोजाला अधिकृतपणे बाहेर पाठवावं लागलं, ‘हे काय आणि कशासाठी’ ते विचारायला. हथाक चौकात आला. मर्दखयाने त्याला हामानाने कबूल केलेल्या रुप्याचा आकडा सांगितला आणि हुकुमाची प्रत हातात दिली. परत केलेल्या कपड्यांनी आतून माणूस बाहेर ओढून आणला आणि त्याच्या हाती कागद आत पाठवला. एवढं काम आत जाऊन झालं नसतं.

मग एस्तेरची पाळी. ती तीन दिवसांचा उपास सांगते, आणि तिसऱ्या दिवशी राजवस्त्रं घालून आतल्या चौकात उभी राहते. मर्दखयाने पोशाखाचा नियम पाळून बाहेर उभं राहायचं, तिने पोशाखाचा नियम पाळून प्रवेशाचा नियम मोडायचा. कथेच्या ग्रीक रूपात हे उलगडून सांगितलंय: प्रार्थनेसाठी ती राजवस्त्रं उतरवून शोकाची घालते, सुगंधाऐवजी डोक्यावर राख आणि शेण घेते, मग ते सगळं काढून नटते आणि राजाकडे जाते. हिब्रू मजकूर हे बोलत नाही, त्याला गरजही वाटलेली नाही. रडते ती आठव्या अध्यायात, राजाच्या पायावर. तेव्हा हामान मेलेला असतो आणि तिला राजाची मर्जी कळून चुकलेली असते. त्याआधी दोन मेजवान्यांत तिच्या डोळ्यांतून एक टिपूस येत नाही.

एक गाठ मात्र परंपरेतही सुटलेली नाही, आणि बारकाईने वाचणारे ती विचारतातच. पहिल्या मेजवानीनंतर हामान बाहेर पडतो तेव्हा मर्दखय ‘राजद्वारात’ बसलेला दिसतो (५:९). गोणपाट नेसून तिथे बसता येत नसेल तर त्याने ते कधी उतरवलं? मजकूर गप्प. पुढे मिरवणुकीनंतर ‘मर्दखय राजद्वारात परतला’ (६:१२). यावर तालमूद या मिश्नावरच्या चर्चाग्रंथाच्या मेगिल्ला प्रकरणात रव शेशेत म्हणतात: म्हणजे आपल्या गोणपाटाकडे आणि उपासाकडे परतला. भाष्य सुंदर आहे, मान मिळूनही हुरळून न गेलेला मर्दखय त्यातून उभा राहतो. पण ४:२ शी ते उघड भांडतं. माझं वाचन साधं आहे: उपासाचे तीन दिवस संपले, एस्तेर आत गेली, बाहेर उभं राहून खुणावायचं कारण संपलं, तो कपडे बदलून कामावर हजर झाला. हामानाला चीड आली तीही यामुळेच. हुकूम निघूनही हा माणूस नेहमीच्या जागी बसलाय आणि उठून उभा राहत नाही.

यहुदी परंपरेत शोक करणाऱ्याला दाराशी अडवणारी जागा शोधायचीच, तर ती राजवाड्यात नव्हे, मंदिरात शोधावी लागते, आणि तिथेही बंधन याजकांवर आहे. मुख्य याजकाने आईबापांसाठीही कपडे फाडू नयेत, पवित्रस्थान सोडून जाऊ नये, असं लेवीय २१ सांगतं. पहिला मुख्य याजक अहरोन याचे दोन मुलगे एका दिवशी गेले तेव्हा त्याला आणि उरलेल्या मुलांना केस मोकळे सोडायला व कपडे फाडायला मनाई झाली, आणि रडण्याचं काम बाकीच्या इस्राएलवर सोपवलं गेलं. सामान्य माणसासाठी मात्र मिश्नातल्या मिद्दोत प्रकरणात दिलेली यरुशलेमच्या मंदिराची रीत पाहा. टेकडीवर येणारे सगळे उजवीकडून शिरत आणि फेरी घालून डावीकडून बाहेर पडत; ज्याच्यावर काही आपत्ती आली असेल तो उलटा, डावीकडून चाले. समोरून येणारा विचारी: तू डावीकडून का? ‘मी शोकात आहे.’ ‘या घरात राहणारा तुझं सांत्वन करो.’ शूशनच्या द्वारात शोकाची खूण दिसली की वाट बंद होई. इथे खूण मुद्दाम दिसावी अशी सोय केलेली, म्हणजे परक्यानेही विचारावं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी पुरीमला, म्हणजे या कथेतल्या सुटकेच्या सणाला, ‘होळीचा सण’ म्हटलं, कारण तो होळीच्या आसपास येतो; आणि मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा, आव महिन्याच्या नवमीचा उपास त्यांच्याकडे बिरड्याशी जोडला गेला. एस्तेर वाचायची तर पुरीमच्या आदल्या दिवशी, एस्तेरच्या उपासाला, चौथा अध्याय एकदा सलग वाचा आणि लगेच नहेम्याचा दुसरा. दोन्ही मिळून सदतीस ओव्या आहेत, आणि दोन्हींत तोच दरबार आहे, एकदा बाहेरून आणि एकदा आतून.